ठाणे खाडीचा चिखल: ऊर्जा कुठे जाते आणि कार्बन कुठे अडकतो

ओहोटीच्या वेळी ऐरोली पुलावरून गेलात आणि गाडीची काच खाली असेल तर तो वास येतोच, सडक्या अंड्यासारखा, आणि सोबतचं कोणीतरी म्हणतंच की काय घाण करून ठेवलीय खाडीची. घाण आहेच, सांडपाणी येतंय, ते कोण नाकारणार. पण हा ठराविक वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि तिवरांच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांच्या, चिखलातून तो ठाणे-नवी मुंबई वसायच्या कितीतरी आधीपासून येतोय. त्याचा अर्थ एवढाच की खालच्या चिखलात ऑक्सिजन नाही. आणि ऑक्सिजन नाही म्हणूनच या चिखलात एवढा कार्बन पडून आहे, जो नाहीतर हवेत असता. ते कसं, हे समजायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

झाडाचं लाकूड येतं कुठून? बऱ्याच जणांना वाटतं मातीतून. यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट नावाच्या बेल्जियमच्या माणसाने हे चक्क तोलून बघितलं होतं. कुंडीत साधारण ९० किलो कोरडी माती, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप, आणि पाच वर्षं फक्त पाणी. पाच वर्षांनी झाड जवळपास ७७ किलोचं झालं आणि माती कमी झाली जेमतेम ५०-६० ग्रॅम! त्याने निष्कर्ष काढला की लाकूड पाण्यापासून बनतं. हे १६४८ मध्ये छापून आलं, आणि गंमत म्हणजे कोळसा जाळल्यावर जो वायू निघतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, त्याचा अभ्यास याच माणसाने केला होता, पण झाड तोच वायू हवेतून ओढून घेतं हे त्याच्या लक्षात आलं नाही. आज आपल्याला माहितीये की वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, आणि तो सगळा पानांनी हवेतून घेतलेला असतो. ऐरोलीला किंवा वाशीला खाडीच्या कडेने जी तिवरं उभी आहेत ती म्हणजे निम्मी हवाच आहे असं म्हटलं तरी चालेल.

तिवराचं पान हातात घेऊन बघा कधी. वरून हिरवंगार, खालून राखाडी-पांढरट, आणि उन्हाच्या दिवसात त्यावरून बोट फिरवलं तर मिठाचा खर हाताला लागतो, कारण हे झाड खाऱ्या पाण्यातलं जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. या कामाला ऊर्जा लागते. मुळांना श्वास घेता यावा म्हणून चिखलातून हजारोंनी पेन्सिलीसारखी मुळं वर काढायची, त्यालाही लागते. म्हणजे पानाने सूर्याकडून जे कमावलं त्यातला मोठा भाग झाड स्वतःच खर्च करतं, आणि मुळात कमाईच थोडी असते, पडलेल्या उन्हातलं टक्का-दोन टक्के, बऱ्याचदा त्याहूनही कमी साखरेच्या रूपात साठतं. बाकीचं ऊन परत फेकलं जातं किंवा नुसतं तापवण्यात जातं.

आता हे पान खाल्लं कोणी तर पुढे काय? १९४२ मध्ये रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणाचा एक पेपर आला, मिनेसोटामधल्या एका छोट्या दलदली तळ्याचा हिशोब. त्याआधी लोक कोण कोणाला खातो याच्या साखळ्या काढायचे, याने विचारलं की प्रत्येक पायरीवर ऊर्जा किती पोचते. तो पेपर आधी नाकारला गेला होता, मग घेतला, आणि छापून यायच्या काही महिने आधी लिंडमन अवघ्या २६ वर्षांचा असताना वारला. मला हे दर वेळी वाचताना वाईट वाटतं, कारण आज शाळेत सगळ्यांना शिकवतात तो दहा टक्क्यांचा नियम त्याच कामातून पुढे आला. खालच्या पायरीवर जेवढी ऊर्जा साठली त्यातली साधारण दहा टक्के वरच्या पायरीच्या अंगी लागते, बाकी हालचाल, श्वास, न पचलेलं, यात जाते आणि शेवटी उष्णता होऊन निघून जाते. दहा हा काही पक्का आकडा नाही, कुठे पाच असतो कुठे वीस.

यावरून साधा हिशोब करा. समुद्रातलं वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, ते खाणारं बारीक प्राणी-प्लवक, ते खाणारी तारली, आणि तारली खाणारी सुरमई. ताटात एक किलो सुरमई यायची तर खाली ढोबळमानाने हजार किलो प्लवक तयार व्हायला लागलं असणार. सुरमई महाग असण्याची कारणं बाजारातही आहेत पण मूळ कारण हे आहे.

आणि हाच हिशोब ठाण्याच्या दोन बाजूंना लावून बघा, मला ही तुलना फार आवडते. एका बाजूला येऊर ज्याचा भाग आहे ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभरेक चौरस किलोमीटर जंगल, आणि त्यात आजूबाजूचा भाग धरून बिबटे किती, तर पन्नासच्या आसपास. जगात इतक्या दाट संख्येने बिबटे फार कमी ठिकाणी आहेत, आणि गावठी कुत्री खायला मिळतात हे त्याचं एक कारण. दुसऱ्या बाजूला खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य, २०१५ साली जाहीर झालेलं, २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), क्षेत्रफळ जेमतेम १७ चौरस किलोमीटर, आणि सीझनला रोहित पक्षी (म्हणजे फ्लेमिंगो) लाखाच्या घरात! जागा सहापट कमी आणि प्राणी हजारोंनी जास्त, हे कसं? बिबट्या अंगाने कितीतरी मोठा आहे हा एक भाग, पण मुख्य कारण की बिबट्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसलाय आणि छोटा रोहित जवळजवळ तळाशीच जेवतो. चोच उलटी करून चिखलपाण्यात घालायची, जीभ पंपासारखी मागे-पुढे करायची, चोचीच्या आतल्या बारीक कंगव्यातून पाणी बाहेर आणि शेवाळं आत. नीलहरित शेवाळ, डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, सरळ सूर्यावर वाढणाऱ्या गोष्टी, मधला दलाल कोणी नाही. त्याचा गुलाबी रंगसुद्धा त्याच शेवाळातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यामुळे. मोठा रोहित या दुसऱ्या जातीचा पक्षी मात्र बारीक कोळंबीसारखे जीव, किडे वगैरे पण खातो, म्हणजे तो एक पायरी वर.

इथे शेवाळ इतकं का वाढतं त्यात आपलाही हात आहे, शहराच्या सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस त्याला खत म्हणून मिळतं. म्हणजे आपण जेवलेल्या डाळ-भाताचा थोडा भाग फिरून फिरून रोहितच्या पिसात जातो. हे चांगलं चाललंय असं मला अजिबात म्हणायचं नाही, तेच सांडपाणी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि मासे जगत नाहीत, खाडीकाठचे कोळी लोक हे आपल्यापेक्षा चांगलं सांगतील.

तर ऊर्जेचं असं आहे, ती रोज सूर्याकडून येते, पायरी पायरीने गळत जाते आणि उष्णता म्हणून शेवटी अवकाशात जाते, परत वापरता येत नाही. कार्बनचं वेगळं. तो पृथ्वीवरच राहतो, फक्त जागा बदलतो. येऊरला फेब्रुवारी-मार्चमध्ये पानांचा सडा पडतो, पाय टाकला की कुरकुर आवाज येतो, आणि पावसाळा लागला की वाळवी, बुरशी, जिवाणू सगळे त्याच्यावर तुटून पडतात आणि एक-दोन पावसाळ्यांत त्या सड्याचा बहुतेक कार्बन परत हवेत. जमिनीवरच्या वनस्पती वर्षाला साधारण १२० अब्ज टन कार्बन हवेतून घेतात आणि जवळपास तेवढाच या ना त्या वाटेने परत जातो.

खाडीत हे गणित बदलतं. तिवराचं पान चिखलात पडतं, खेकडे ते ओढून बिळात नेतात, काही खातात, काही तिथेच राहतं. वरून दर भरतीला नवा गाळ बसत जातो. तो चिखल थोडासा खणून बघा, वरचा अगदी पातळ थर तपकिरी दिसतो आणि लगेच खाली काळाकुट्ट. तपकिरी भागात हवा पोचते, काळ्यात नाही. लोणच्यावर तेलाचा थर ठेवून आपण जे करतो तेच इथे पाणी आणि गाळ करतात, हवा लागू देत नाहीत म्हणून आतलं टिकतं. तिथले जिवाणू मग समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट (गंधकाचा क्षार) वापरून कसंबसं काम चालवतात, त्यातून तो हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि तो लोहाशी मिळून चिखल काळा करतो. पण या पद्धतीत त्यांना ऊर्जा फार कमी मिळते त्यामुळे सगळं संथ, आणि मुळांमधलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, ते तर ऑक्सिजनशिवाय नीट फुटतच नाही. ते तसंच पडून राहतं, शेकडो वर्षं, कधी हजारो.

सल्फेटचा अजून एक फायदा. गोड्या पाण्याच्या तळ्यात, आपल्या मासुंदा किंवा उपवनसारख्या, तळाच्या गाळात ऑक्सिजन संपला की मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा २८ पट तरी जास्त उष्णता अडवतो. खाऱ्या चिखलात सल्फेटवाले जिवाणू त्यांच्या आधी खाणं पळवतात त्यामुळे मिथेन कमी बनतो. सांडपाणी आणि गोडं पाणी जास्त यायला लागलं की मात्र हा फायदा कमी होतो.

२०११ मध्ये हिंदी-प्रशांत महासागराच्या पट्ट्यातल्या खारफुटीचं मोजमाप प्रसिद्ध झालं, त्यात सरासरी एका हेक्टरला हजार टनांच्या वर कार्बन सापडला आणि त्यातला बहुतेक जमिनीखाली. हा ठाणे खाडीचा आकडा नाही, प्रत्येक जागेचा वेगळा असतो, पण जास्त साठा झाडात नाही तर चिखलात, हे बहुतेक सगळीकडे दिसतं.

चंद्रपूरचा कोळसा हीच गोष्ट आहे, फक्त पंचवीस-तीस कोटी वर्षं जुनी. दलदलीत पडलेली झाडं, हवा न लागल्यामुळे न कुजलेली, वर गाळ, मग दाब आणि उष्णता. तो आपण जाळतो तेव्हा तेव्हाचा कार्बन आणि तेव्हाचं ऊन एकदम बाहेर काढतो, ऊन ट्यूबलाइटमधून उष्णता होऊन निघून जातं आणि कार्बन हवेत राहतो. माणूस वर्षाला साधारण १० अब्ज टन कार्बन असा बाहेर काढतोय. १२० च्या पुढे १० कमी वाटतात पण ते १२० जातात आणि येतात, हे १० नुसते येतात, आणि त्यातले निम्मेच झाडं आणि समुद्र मिळून पचवतात. म्हणूनच हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत २८० वरून ४२० च्या वर गेलं.

म्हणून राडारोडा टाकून तिवरं बुजवणं हा प्रकार मला फक्त झाडांचा प्रश्न वाटत नाही. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तोड आणि भराव थांबवला, २०१८ मध्ये ते अजून पक्कं केलं, कडेने ५० मीटर पट्टाही मोकळा ठेवायला सांगितला, आणि त्याचा फायदा झालाय. पण तिवर मारायला कुऱ्हाड लागतच नाही. कुठेतरी बांध घातला किंवा रस्त्याखालची मोरी बुजली, भरतीचं पाणी आत यायचं थांबलं, की झाडं उभ्या उभ्या वाळतात. आणि चिखल सुकून भेगा पडल्या की त्यात हवा शिरते, जिवाणूंना हवा तो ऑक्सिजन मिळतो आणि शेकडो वर्षांचा साठा काही वर्षांत बाहेर पडायला लागतो, वर सल्फाइडचं आम्ल होऊन जमीन नासते ती वेगळी. बदल्यात दुसरीकडे रोपं लावली जातात, ती लावावीच, पण ती जगली तरी पंधरा-वीस वर्षांत झाडं दिसतील, खालचा चिखल नाही. त्यामुळे खाडीकाठच्या आपल्या भागात तिवरं एका पट्ट्यात अचानक वाळलेली दिसली तर आधी पाण्याची वाट कुठे अडलीय ते शोधायला हवं आणि फोटो काढून वनविभागाच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाला कळवायला हवं, कारण पाणी लवकर परत सुरू झालं तर झाडं बऱ्याचदा वाचतात.