एल्डर स्क्रोल्स: जुने गेम भारी की नवे, हे भांडण नेमकं आलं कुठून

एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेम सिरीजचा विषय निघाला की दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, २००२ चा मॉरोविंड खरा आरपीजी (म्हणजे आपलं पात्र घडवत खेळायचा गेम), २०११ चा स्कायरिम म्हणजे पोरखेळ. त्यावर स्कायरिमवाले म्हणणार की तुमच्या त्या मॉरोविंडमध्ये तलवार उंदराच्या अंगातून आरपार जाते आणि तरी लागत नाही. दोघांचंही खरंय. पण यात एक गोष्ट कायम सुटते, ती म्हणजे "जुने गेम" असा काही एकच गठ्ठा नाहीये.

सुरुवात १९९४ च्या अरीनापासून. मेरीलँडमधली बेथेस्डा ही तेव्हा छोटी कंपनी, आणि विजय लक्ष्मण, टेड पीटरसन, ज्युलियन लेफे वगैरे मंडळी मुळात ग्लॅडिएटरांच्या मारामारीचा गेम करत होती, टीम घेऊन शहराशहरांत फिरायचं आणि आखाड्यात लढायचं. मग साइड क्वेस्ट (मुख्य खेळाबाहेरच्या मोहिमा) वाढत गेल्या, डंजन (धोकादायक भुयारं) आले, आणि शेवटी आखाडाच गायब झाला, फक्त नाव तेवढं राहिलं!

१९९६ चा डॅगरफॉल तर वेडेपणाच होता. नकाशा जवळपास ग्रेट ब्रिटनएवढा, अर्थात सगळं हाताने कोण बनवणार, बहुतेक गावं आणि डंजन कॉम्प्युटरनेच जुळवलेली. ३५ स्किल, त्यात भिंत चढण्याचं एक आणि राक्षसांची, ऑर्कांची, हार्पींची भाषा बोलण्याची वेगळी स्किल, बँकेतून कर्ज काढा, घर घ्या, जहाज घ्या. क्वेस्टला मुदत असायची, गेली की गेली. बग मात्र इतके की डंजनमध्ये फरशीतून खाली पडणं रोजचं.

त्यानंतर १९९७ चा बॅटलस्पायर आणि १९९८ चा रेडगार्ड दोन्ही चालले नाहीत, कंपनी पार टेकीला आली, १९९९ ला झेनीमॅक्स ही पालक कंपनी उभी राहिली तेव्हा कुठे श्वास घेता आला. मग टॉड हॉवर्डच्या टीमने २००२ ला मॉरोविंड काढला, आणि माझ्या मते या सिरीजमधली सगळ्यात मोठी कात्री इथे लागली, स्कायरिममध्ये नाही. ३५ ची २७ स्किल झाली, भाषा गेल्या, भिंत चढणं गेलं, बँका गेल्या, अख्ख्या प्रदेशाच्या जागी एक बेट आलं. डॅगरफॉलवाले तेव्हा हेच बोंबलत होते की गेम सोपा करून टाकला. बदल्यात मिळालं काय तर हाताने रचलेलं जग, जिथे प्रत्येक गुहेत कोणीतरी मुद्दाम काहीतरी ठेवलेलं असतं.

आता मॉरोविंडचं प्रेम कशामुळे? सुरुवातीला सेयडा नीन गावात बोटीतून उतरलात की हातात एक पाकीट देतात, बालमोरा शहरात जाऊन कायस कोसाडेस नावाच्या माणसाला दे म्हणे. तो राहतो कुठे? साउथ वॉल कॉर्नरक्लबमध्ये विचार. बस, एवढंच. रस्ता दाखवणारा बाण नाही, नकाशावर ठिपका नाही. सिल्ट स्ट्रायडर नावाच्या त्या अवाढव्य किड्यावर बसा नाहीतर चालत जा, लोकांना विचारा, पाट्या वाचा. पुढे तर "पुलानंतर उत्तरेला वळ, मग टेकडीच्या मागे" असे पत्ते, आणि काही वेळा पत्ताच चुकीचा, दोन तास भलत्याच डोंगरात, वर डोक्यावर ते क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी घिरट्या घालतायत. वैताग यायचा, पण गुहा सापडली की ती आपण शोधलेली असायची.

हे सगळं जमलं कारण बहुतेक संवाद नुसता लिहिलेला होता. मला विचाराल तर खरा फरक इथेच पडला. २००६ च्या ओब्लिव्हियनमध्ये प्रत्येक वाक्याला आवाज आला, पॅट्रिक स्टुअर्टला सम्राटाच्या भूमिकेत घेतलं, आणि बाकीचं जग मोजक्या कलाकारांवर ओढलं. म्हणून तर तो भिकारी थरथरत्या आवाजात पैसे मागतो आणि पुढचंच वाक्य खणखणीत आवाजात बोलतो 😄 आवाज रेकॉर्ड करायचा म्हटलं की वाक्यं कमी होणार, लांबलचक पत्ते कोण बोलून दाखवणार, मग कंपासवर बाण आला. स्कायरिममध्ये तर बऱ्याच क्वेस्ट अशा की बाण बंद केला तर जायचं कुठे तेच कळत नाही, कारण कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि फास्ट ट्रॅव्हलला (नकाशावर जागा निवडून थेट तिथे पोचण्याला) शिव्या घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की तो ओब्लिव्हियनने आणलेला नाही, अरीना-डॅगरफॉलमध्ये तो होताच, मधे एकट्या मॉरोविंडने काढला.

ओब्लिव्हियनचं खरं पाप म्हणजे लेव्हल स्केलिंग. तुम्ही मोठे झालात की सगळं जग मोठं, त्यामुळे रस्त्यावरचा लुटारू अंगावर लाखमोलाचं ग्लास आर्मर (चिलखत) घालून १०० गोल्डसाठी तुम्हाला अडवतो. झोपल्याशिवाय लेव्हल वाढत नाही म्हणून लोक मुद्दाम झोपायचेच नाहीत. घोड्याच्या चिलखताचे वेगळे अडीच डॉलर घेतले तोही हाच गेम.

२०११ च्या स्कायरिमने हे स्केलिंग बरंचसं आवरलं, पण सोबत क्लास (सुरुवातीला निवडायचा पेशा) आणि ताकद-चपळाई वगैरे आठही ॲट्रिब्यूट उडवले, स्किल १८ वर आली. तलवार मात्र ओब्लिव्हियनसारखीच दिसते तिथे लागते, आणि सुरुवातीलाच कसलाही फॉर्म भरायचा नाही, जे करत राहाल त्यात तरबेज व्हाल. नव्या माणसाला हे सोपं पडलं, म्हणूनच तो ६ कोटींच्या वर खपला आणि २०१६ ला, २०१७ ला, २०२१ ला पुन्हा पुन्हा विकला गेला.

गंमत म्हणजे मॉडिंगची (खेळणाऱ्यांनी स्वतः गेममध्ये बदल करण्याची) सगळी परंपरा मॉरोविंडसोबत दिलेल्या कन्स्ट्रक्शन सेट या साधनापासूनची. त्यातूनच तॅमरिएल रीबिल्ट हा चाहत्यांचा प्रकल्प बेटापलीकडचा मॉरोविंड प्रांत अजून बांधतोय. डॅगरफॉल तर २००९ पासून फुकट आहे, आणि डॅगरफॉल युनिटी या चाहत्यांनी नव्याने बांधलेल्या आवृत्तीमुळे आजच्या मशीनवर मस्त चालतो. २०२५ च्या ओब्लिव्हियन रीमास्टरमध्ये धावणं आलं, लेव्हलिंगची कटकट कमी झाली, बाण तसाच ठेवला. सहाव्या भागाचा टीझर २०१८ ला आला होता, त्यात डोंगर, समुद्र आणि नाव, त्यापलीकडे काही नाही, तेवढ्यावरही लोकांची भांडणं सुरू आहेतच.