क्रूझ जहाजावरील सामायिक जागा

क्रूझ जहाजावर केबिन मुख्यतः झोपण्यापुरती वापरली जाते. उरलेला दिवस प्रवासी भोजनकक्ष, डेक, तरणतलाव, नाट्यगृह अशा सर्वांच्या जागांमध्ये घालवतात. पुढचे बंदर येईपर्यंत कोणालाच बाहेर पडता येत नसल्याने तीच माणसे पुन्हापुन्हा समोर येतात आणि हॉटेलात सहसा न होणाऱ्या ओळखी येथे दोन-तीन दिवसांत होतात.

या ओळखींचे जुने केंद्र म्हणजे रात्रीचे जेवण. पारंपरिक पद्धतीत प्रत्येकाची वेळ आणि टेबल ठरलेले असते. एकमेकांना अनोळखी अशी सहा-आठ माणसे सफर संपेपर्यंत रोज एकाच टेबलाशी बसतात, वाढपीही तोच असतो आणि एखादे जोडपे जेवायला आले नाही, तर त्याची चौकशी होते. २००० मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणून वेळ व सोबत निवडण्याची मोकळीक दिली. ही सोय अनेकांना हवी होती. मात्र आपण होऊन ज्यांच्याशी बोललो नसतो अशांशी मैत्री होण्याची संधी तिच्यामुळे घटली, ही तिच्यासाठी मोजावी लागलेली खरी किंमत मानावी लागेल. त्याच कंपनीने २०१० च्या ‘नॉर्वेजियन एपिक’वर एकट्या प्रवाशांच्या छोट्या केबिनींना जोडून केवळ त्यांच्यासाठी बैठकीचे दालन दिले, कारण एकट्याला ओळख करून घ्यायला निमित्त लागते.

जहाजाचा आकारही महत्त्वाचा ठरतो. ‘ओएसिस ऑफ द सीज’ (२००९) या सहा हजारांहून अधिक प्रवासी नेणाऱ्या जहाजावर खुले उद्यान, बाजारवाट असे वेगवेगळे विभाग आहेत. एवढ्या विस्तारात काल भेटलेला माणूस आज आपसूक भेटेलच असे नाही.

अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या जहाजांवर वर्गानुसार डेक आणि भोजनकक्ष वेगळे असत. क्रूझ पर्यटनात ही विभागणी बरीच पुसली गेली, पण एमएससी कंपनीच्या ‘यॉट क्लब’सारख्या, स्वतंत्र तलाव व उपाहारगृह असलेल्या राखीव विभागांमुळे ती नव्या रूपात परतली आहे.

सामायिक जागेवरून होणारा नेहमीचा वाद आरामखुर्च्यांचा असतो. सकाळीच टॉवेल आणि पुस्तक ठेवून खुर्ची अडवली जाते, इतर प्रवासी उन्हात ताटकळतात, आणि उघड भांडण टाळण्यासाठी बहुतेक जण कर्मचाऱ्यांकडे तक्रार करतात. म्हणून काही कंपन्यांनी ठरावीक वेळ रिकाम्या राहिलेल्या खुर्चीवरील सामान कर्मचाऱ्यांनी उचलून ठेवावे, असा नियम केला आहे.