चैत्रांगणाची पार्श्वभूमी

'रांगोळी' हा शब्द संस्कृत 'रंगावली'वरून आला असला, तरी महाराष्ट्रातली जुनी घरगुती रांगोळी बहुतांशी पांढरीच असे. शिरगोळा हा मऊ पांढरा दगड कुटून वस्त्रगाळ केलेली पूड, कोकणात भाताचे तूस जाळून केलेली राख, वर चिमूटभर हळदकुंकू. एवढ्यावर भागत असे. कामसूत्रातल्या 64 कलांत तांदूळ आणि फुलांनी रचना करण्याची कला आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' या ग्रंथात धूलिचित्र, म्हणजे पुडीने काढलेले चित्र, हा चित्राचा वेगळा प्रकारच मानला.

पण पोथ्यांपेक्षा चैत्रांगण, म्हणजे चैत्रगौरीसाठी काढायची रांगोळी, जास्त सांगते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते, झोपाळ्यात बसते आणि अक्षय्यतृतीयेला सासरी परतते. त्या महिनाभरात दारापुढे किंवा देवापुढे ही रांगोळी काढतात. वर मखर, त्यात गौर, आणि भोवती सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, गोपद्मे (गाईची पावले), स्वस्तिक, आंब्याचे झाड, फणी-करंडा. कुठे 51 चिन्हे, कुठे 64. सासू काढते तशी सून काढते, म्हणून घरागणिक फरक. लेकीसाठी आंब्याची डाळ आणि पन्हे करावे, तशीच तिच्यासाठी फणी आणि करंडाही मांडायचा, हे मला या रांगोळीतले सर्वांत हळवे वाटते. अक्षरओळख नसलेल्या कितीतरी बायकांच्या बोटांत ही सगळी चिन्हे पाठ होती. या रांगोळीला नुसती सजावट म्हणणे मला पटत नाही.

चातुर्मासात रोज 33 गोपद्मे काढण्याचे व्रत, ज्येष्ठागौरी घरात आणताना उंबऱ्यापासून उमटवलेली पावले, पंगतीत ताटाभोवतीची महिरप, ही सगळी त्याच कुळातली. ठिपके जोडून काढायची रांगोळी घरोघरी आहेच; 1981 साली स्थापन झालेल्या संस्कार भारती या कलासंस्थेच्या नावाने पाचही बोटांनी रंग पसरवून काढायची मोठी, रंगीत रांगोळी रूढ झाली आणि चौकाचौकांत दिसू लागली.

चैत्रांगण मात्र मागे पडले, आणि त्याला जमीनही कारण आहे. पांढरी रेघ उठून दिसायला शेणाने सारवलेले काळसर अंगण लागते. चकचकीत फिक्या फरशीवर ती दिसतच नाही. म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्या काही जणी लाकडी पाटाला गेरू लावतात, तो वाळू देतात आणि त्याच्यावर, हातभर जागेत, सगळी चिन्हे बसवतात.