बेसबॉलमधील बदली खेळाडू

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये मुख्य खेळाडू जायबंदी झाला की दुय्यम साखळीतला, किंवा दुसऱ्या संघाने सोडून दिलेला, एखादा अपरिचित खेळाडू त्याची जागा घेतो. या रीतीला तिथे ‘नेक्स्ट मॅन अप’ म्हणतात. सहा महिन्यांत १६२ सामने खेळायचे असल्याने दुखापती होणारच, हे गृहीत धरूनच संघ बांधतात. बदली खेळाडूचे यश नशिबाचे वाटते, पण त्याची तजवीज बहुधा आदल्या वर्षीच झालेली असते.

सामन्यासाठी २६ जणांचा संघ उपलब्ध असतो (२०१९ पर्यंत २५), त्यात पिचर (चेंडू टाकणारे) जास्तीत जास्त १३. त्यामागे या २६ जणांसह एकूण ४० करारबद्ध खेळाडूंची यादी. जखमी फलंदाजाला किमान १० दिवस आणि पिचरला किमान १५ दिवस ‘इंजर्ड लिस्ट’वर (जखमींच्या यादीत) ठेवतात, ही तारीख तीन दिवसांपर्यंत मागची धरता येते. घोळ होतो तो पुढे. छोट्या दुखापतीचा खेळाडू ४० मध्ये मोजला जातोच, त्यामुळे यादीबाहेरचा कोणी घ्यायचा तर एकाला वगळावे लागते आणि वगळलेल्याला दुसरा संघ उचलू शकतो. जखमीला ६० दिवसांच्या यादीत टाकले तरच जागा मोकळी होते. दुय्यम साखळीत पाठवलेल्या फलंदाजाला १० दिवस परत बोलावता येत नाही. तो जखमीच्या जागी येत असेल तर मात्र सूट असते.

या रीतीचे सर्वांत ठळक उदाहरण २०१९ च्या न्यूयॉर्क यँकीजचे. त्या हंगामात त्यांचे ३० खेळाडू जखमींच्या यादीत गेले, तेव्हाचा हा विक्रम होता. जियानकार्लो स्टँटन १८ सामने खेळला, पिचर लुईस सेव्हेरिनो अवघे तीन. तरीही संघाने १०३ सामने जिंकले.

तिसऱ्या बेसवर (धावताना गाठायच्या थांब्यावर) खेळणारा मिगेल आंदुहार आदल्या वर्षी २७ होमरन (मैदानाबाहेर टोलवलेले फटके) मारून सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात दुसरा आला होता. ३१ मार्चला बेसकडे परत सूर मारताना त्याचा खांदा दुखावला. त्याच्या जागी आलेला जिओ उर्शेला ४० च्या यादीतही नव्हता. ऑगस्ट २०१८ मध्ये टोरंटोकडून तो निव्वळ रोख रकमेवर मिळाला होता. क्षेत्ररक्षण पहिल्यापासून उत्तम, पण आधीच्या १६७ सामन्यांत सरासरी .२२५ आणि होमरन ८. यँकीजकडे मात्र १३२ सामन्यांत .३१४ ची सरासरी आणि २१ होमरन! दर शंभर प्रयत्नांत बावीस-तेवीस हिटचा फलंदाज एकतीसवर गेला, ही झेप थक्क करणारी आहे. आउटफिल्डमध्ये (मैदानाच्या बाहेरच्या भागात) कोलोरॅडो रॉकीज संघाकडून आलेल्या माइक टॉकमनने १३ आणि एप्रिलअखेर क्लीव्हलँडकडून रोखीतच घेतलेल्या कॅमेरॉन मेबिनने ११ होमरन मारले.

पिचरची बदली यापेक्षा अवघड. सुरुवातीच्या पिचरला ८०-९० चेंडू टाकण्याची ताकद आठवड्यांच्या सरावाने येते. सामन्याच्या नऊ इनिंगपैकी (डावांपैकी) एक-दोनच टाकणाऱ्याकडून ती एका रात्रीत मिळत नाही. घाईने जास्त चेंडू टाकायला लावले, तर बदलीचाच हात निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून यँकीजनी चॅड ग्रीनकडून १५ सामन्यांत केवळ आरंभ करून घेतला आणि लांबचा भार दुसऱ्यावर दिला. फलंदाजांची अडचण वेगळी: दोन-तीन आठवड्यांत समोरचे संघ चित्रफिती पाहून कच्चा दुवा हेरतात आणि तिथेच मारा करतात. ज्याला स्विंग सुधारता येतो तोच टिकतो. पुष्कळ जण इथेच गळतात.

अटलांटा ब्रेव्ह्जनी २०२१ मध्ये निराळी वाट धरली. जुलैत रोनाल्ड अकुन्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटल्यावर त्यांनी एकच मोठा तारा न आणता चार आउटफिल्डर घेतले: जॉक पीडरसन, अॅडम ड्युव्हॉल, होर्हे सोलेर आणि त्या वेळी स्वतःच जखमी असलेला एडी रोसारिओ. संघाने वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) जिंकली. सोलेर त्या मालिकेचा आणि रोसारिओ आधीच्या फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

या संदर्भात यँकीजचा पहिल्या बेसवरचा जुना खेळाडू वॉली पिप याचे नाव नेहमी निघते. डोके दुखले म्हणून तो बसला आणि पुढे दिग्गज ठरलेल्या लू गेरिगला जागा मिळाली, असे सांगतात. प्रत्यक्षात २ जून १९२५ रोजी व्यवस्थापक मिलर हगिन्स यांनी हरणाऱ्या संघात एकाच वेळी अनेक बदल केले होते. गेरिगची सलग सामन्यांची मालिका आदल्या दिवशीच सुरू झाली होती. ती २,१३० वर थांबली.

तारा परतला की बदलीची जागा पुन्हा डळमळते. टॉकमनला एप्रिल २०२१ मध्ये सान फ्रान्सिस्कोला, तर उर्शेलाला मार्च २०२२ मध्ये मिनेसोटाला देण्यात आले. आंदुहार खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतला, पण तिसऱ्या बेसवरची त्याची हक्काची जागा त्याला यँकीजमध्ये पुन्हा मिळाली नाही.