टाइप व्याख्या व स्कीमा (एक्स्टेन्शन-विकसनातील)

मूळ प्रोग्रॅम (होस्ट) आणि त्याला जोडायचे एक्स्टेन्शन (त्यात नव्या सोयींची भर घालणारा छोटा प्रोग्रॅम) यांच्यातील करार लिहून ठेवण्याची दोन साधने. होस्टने खुली केलेली फंक्शने, त्यांना द्यायची व त्यांच्याकडून मिळणारी मूल्ये यांचे प्रकार टाइप व्याख्येत असतात. त्यांच्या आधारे कोडची तपासणी लिहिताना व कंपाइल करतानाच (कंपायलर कोडचे रूपांतर करतो तेव्हाच) होते. स्कीमा मॅनिफेस्ट (एक्स्टेन्शनची ओळख देणारी फाइल), सेटिंग्ज, संदेश अशा डेटाची रचना सांगते आणि प्रोग्रॅम चालू असतानाही उपयोगी पडते.

टाइप व्याख्येमागील, घोषणा (काय उपलब्ध आहे) वेगळी व अंमलबजावणी (ते कसे चालते) वेगळी ठेवण्याच्या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. सी भाषेच्या हेडर फाइलींकडे बोट दाखवले जाते. पण त्या मुख्यतः मजकूर जसाच्या तसा समाविष्ट करण्याची सोय होत्या. कंपायलरने तपासलेल्या कराराची कल्पना झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातील मेसा भाषेत व तिच्या प्रभावाखालील मॉड्युला-२ मध्ये अधिक स्पष्ट दिसते. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नस यांच्या १९७२ च्या माहिती-गोपनाच्या (प्रोग्रॅमच्या भागाचा आतला तपशील बाहेरच्यांपासून लपवण्याच्या) विवेचनाशीही तिचे नाते जुळते. त्यामुळे साधारणपणे १९७० चे दशक हा उगमकाळ मानणे सयुक्तिक ठरते. ‘स्कीमा’ ही ग्रीक संज्ञा डेटाबेसच्या क्षेत्रातून आली. कोडासिल या संगणक-उद्योगातील समितीच्या १९७१ च्या अहवालात ती आढळते. जेसन या डेटा-स्वरूपासाठीच्या जेसन स्कीमाचा आयईटीएफ (इंटरनेटची मानके ठरवणारी संस्था) मसुदा २००९ चा, तर टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टला प्रकारांची जोड देणारी भाषा) व त्याच्या व्याख्यांचा डेफिनिटली टाइप्ड हा सामायिक संग्रह २०१२ चा.

दोन्ही साधने एकच गोष्ट सांगतात हा समज घातक आहे. टाइपस्क्रिप्टचे प्रकार कंपाइल झाल्यावर पुसले जातात. बाहेरून आलेला डेटा त्यांच्यामुळे तपासला जात नाही. टाइपस्क्रिप्टच्या ‘नंबर’ या प्रकारात पूर्णांक व अपूर्णांक असा भेद नाही, जेसन स्कीमात आहे, त्यातही १.० हे मूल्य चौथ्या मसुद्यानुसार पूर्णांक नव्हते, सहाव्यापासून मानले जाते. स्कीमातील ‘डिफॉल्ट’ ही केवळ नोंद असते. ते मूल्य आपोआप भरले जात नाही. अनोळखी गुणधर्मही स्पष्ट मनाई नसल्यास चालतात.

फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शनचे मॅनिफेस्ट व एपीआयला (होस्टने खुल्या केलेल्या फंक्शनांना) दिलेली मूल्ये जेसन स्कीमांनुसार पारखली जातात. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या कोड-संपादकात सेटिंग्ज स्कीमाच्या धाटणीने घोषित करतात व त्यावरून सेटिंग्जचे पान तयार होते. तेथे टाइप व्याख्यांची आवृत्ती मॅनिफेस्टमधील किमान होस्ट-आवृत्तीपेक्षा पुढची ठेवू नये. अन्यथा जुन्या होस्टमध्ये नसलेले फंक्शनही कंपायलर निमूटपणे मान्य करतो.

स्रोत एकच असावा यावर बहुतेकांचे एकमत आहे. तो कोणता, यावर नाही. काही जण टाइपवरून स्कीमा निर्माण करतात, काही स्कीमावरून टाइप, तर काही एकाच लायब्ररीतून दोन्ही मिळवतात. मॅनिफेस्ट होस्ट, कोड-संपादक व वितरण-व्यवस्था असे अनेक वाचक वाचतात; तेथे स्कीमा मूळ मानणे अधिक ग्राह्य वाटते. एक्स्टेन्शनच्या आतल्या संदेशांना हा निकष तितकासा लागू नाही.

पायथनमध्ये टाइप व्याख्यांचे काम स्टब फाइली (फक्त घोषणा असलेल्या फाइली) करतात. लुआमध्ये भाषेची स्वतःची सोय नसल्याने कोड-संपादकाला समजणाऱ्या टिप्पण्यांवर भागवले जाते.