उत्परिवर्तन

सजीवाच्या डीएनएच्या क्रमात होणारा कायमचा बदल. तो पेशीविभाजनात नक्कल चुकल्याने किंवा किरणोत्सर्ग, अतिनील किरण व काही रसायने यांमुळे घडतो. जननपेशीत घडला तरच पुढील पिढीत उतरतो. ह्यूगो द व्ह्रीस यांनी १९०१ मध्ये उत्परिवर्तनवाद मांडला, पण ईनोथेरा या ज्या फुलझाडावर तो बेतला होता तिच्यातील बहुतेक बदल गुणसूत्रांच्या फेरमांडणीचे निघाले.

मराठवाड्यात या विषयाशी थेट संबंध येतो तो सिकलसेल आजारामुळे, विशेषतः नांदेड जिल्ह्याच्या किनवट-माहूर पट्ट्यातील गोंड, प्रधान आदी समाजांत. (आजार आदिवासींपुरताच असल्याचा समज चुकीचा आहे.) या आजारात अकराव्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिन (हीमोग्लोबिनचा एक घटक) जनुकात ‘जीएजी’ या तीन अक्षरी संकेताऐवजी ‘जीटीजी’ येते आणि ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाची जागा व्हॅलिन घेते. प्रथिनसाखळीतील हे स्थान परंपरेने सहावे मानतात. आरंभीचे मेथिओनिन हे अमिनो आम्ल धरल्यास सातवे. ऑक्सिजन कमी झाला की असे हीमोग्लोबिन एकमेकांना चिकटते व तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात.

हा बदल कोठे उगम पावला, हे वादग्रस्त आहे. जनुकाभोवतीच्या डीएनएच्या ठेवणीवरून आफ्रिकेतील काही आणि ‘अरब-भारतीय’ असे गट पडतात. त्यावरून बदल अनेकदा स्वतंत्रपणे घडला, असे दीर्घकाळ मानले जाई. २०१८ मधील जनुकीय विश्लेषणाने सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचा एकच आफ्रिकी उगम सुचवला. कालमापन गृहीतकांवर अवलंबून असले, तरी एकउगमाचे मत आता अधिक ग्राह्य वाटते. हा बदल टिकला तो हिवतापामुळे : एकच सदोष प्रत असलेल्या वाहकाला फाल्सिपॅरम हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून बरेच संरक्षण मिळते. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला मात्र आजाराची शक्यता २५ टक्के असते.

प्राथमिक तपासणीत रक्ताचा थेंब द्रावणात मिसळून नळीमागच्या रेघा पाहतात. गढूळपणामुळे त्या दिसेनाशा झाल्या, तर सिकल हीमोग्लोबिन आहे असे समजतात. वाहक की रुग्ण, हे हीमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्यांनी ठरते.

शेतीत उत्परिवर्तन मुद्दाम घडवूनही आणतात. उडदाचा टीएयू-१ हा वाण भाभा अणुसंशोधन केंद्रातील उत्परिवर्तित वाणाच्या संकरातून निघाला. उलट कपाशीवरील गुलाबी बोंडअळीत ते आपोआप झाले. तिच्या आतड्यातील कॅडहेरिन या प्रथिनाचे जनुक बिघडले की बीटी कपाशीतील अळीनाशक प्रथिन तेथे नीट चिकटत नाही. हा गुण अप्रभावी (जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच दिसणारा) असल्याने, साध्या अळ्यांशी संकर होऊन तो दबून राहावा म्हणून साध्या, बिगर-बीटी कपाशीच्या आश्रयओळी लावण्याची शिफारस होती. ती फारशी पाळली गेली नाही.