पुरात लागणाऱ्या जागा आणि १९२३चा ठराव

महाड आणि चिपळूण ही कोकणातली जुनी व्यापारी शहरं नदीकाठी वाढली. सावित्री किंवा वाशिष्ठी फुगली की पाणी थेट बाजारपेठेत येतं. २६ जुलै २००५ला आलं, २२ जुलै २०२१ला तर तळमजलेच्या तळमजले बुडाले. अशा वेळी माणूस शाळा, देऊळ, समाजमंदिर, दवाखाना गाठतो. तिथे जात विचारली जाणार नाही, हे आपण गृहीत धरतो. शंभर वर्षांपूर्वी तसं धरता येत नव्हतं.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्यातली यादी सावकाश वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असं त्यात म्हटलं होतं. पूर-वादळात ज्यांच्यावाचून अडतं, त्याच या जागा! महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण तळ्यावर काहीच बदललं नाही. परधर्मीयांना मज्जाव नव्हता, गुरंढोरंही पाणी पीत. अस्पृश्यांना मात्र बंदी.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मागोमाग हजारो जण प्यायले. त्याच दिवशी सत्याग्रहींवर हल्ला झाला. पुढे शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. तळ्यावरच्या हक्काचा खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ला निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. कौन्सिलच्या ठरावाला तोवर तेरा वर्षं उलटून गेली होती. सार्वजनिक म्हणवणारी जागा खरोखर सर्वांची व्हायला एवढा काळ लागला, ही गोष्ट कोकणातल्या प्रत्येक नगरसेवकाला ठाऊक असायला हवी.

रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांनी सावरकरांच्या सांगण्यावरून बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंना खुलं झालं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर त्याहून जुनं, १८६४चं. त्याला २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांनी गाठलं, पुस्तकांचा लगदा झाला.

२०२१च्या डिसेंबरात वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले. त्यानंतर उपसा सुरू झाला.